पोत्यातली मादी

गोव्यात वाळपईजवळ हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवताना बरीच वर्षं मी सांगत आले की मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, डीएनए अगदी आटोपशीर असतो. जनुकं ३७, फापटपसारा नाही. माणसात बेसच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या, १६,५६९ जोड्या. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकात १७,५५३. त्याचा हा डीएनए तर १९८५ सालीच वाचून झाला होता. सगळं जुळत होतं.

मग ब्रेव्हिसेप्सबद्दल वाचलं. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा हा गोलमटोल बेडूक. आखूड पायांनी चालतो, मागच्या पायांनी माती उकरून खाली जातो, पाऊस आला की वर येतो. नराचे हात मादीला पुरत नाहीत, म्हणून तो तिच्या पाठीला चिकटून बसतो, खरोखरच डिंक लावल्यासारखा. या बेडकाच्या मायटोकाँड्रियात जवळजवळ २८,८०० जोड्या निघाल्या!

डीएनएची प्रत निघताना एखादा तुकडा दोनदा उतरतो. पुढे प्रत्येक जनुकाची एक प्रत बिघडत बिघडत नाहीशी होते, कुठे पुढची, कुठे मागची, आणि उरलेल्यांचा क्रमच बदलून जातो. हे समजण्यासारखं आहे. मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या गोष्टीने. ब्रेव्हिसेप्स आणि त्याच्या जवळच्या आफ्रिकी बेडकांत काही जोडप्रती टिकून आहेत आणि एकमेकींशी हुबेहूब जुळतात. इतक्या काळात त्या वेगळ्या व्हायला हव्या होत्या. म्हणजे एकीवरून दुसरी पुन्हा पुन्हा नीट होत असणार.

आणि आपला पिवळा बेबो, शेतातला तो मोठा बेडूक? त्याच्याही मायटोकाँड्रियात २०,००० हून जास्त जोड्या आहेत, प्रत निघायला जिथून सुरुवात होते तो नियंत्रक भाग दोनदा आहे. केरीला आमच्या शेतात जूनमध्ये रात्रभर ओरडतो तोच हा.

हा डीएनए आईकडूनच येतो. गेल्या जूनमध्ये मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बॅटऱ्या दिसल्या म्हणून मी छत्री घेऊन गेले. खायला बेडूक धरणारी दोन मुलं, एक पोतं. बेडूक धरणं गुन्हा आहे हे त्यांना माहीत होतं.

"टीचर, तुम्ही?" त्यातला एक माझाच विद्यार्थी.

मी कायदा काढला नाही. पोत्यातली फुगलेल्या पोटाची मादी हातात घेऊन त्याला दाखवली आणि तिच्या अंड्यांतून पुढे काय जातं ते भर पावसात सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग त्याने पोतं मेरेवर उलटं केलं.