दोन मिनिटं शांतता, तीही विकत

आज दुपारभर 'क्रास' ऐकत बसलो. 1977 साली इंग्लंडात सुरू झालेला पंक बँड, म्हणजे बंडखोर, खडबडीत रॉक वाजवणारा. सुरुवातीला नुसता कल्ला वाटला. टेपचे तुकडे, खरखर, मध्येच आरडाओरडा. घरच्यांनी दार लावून घेतलं. गाणी म्हणून सगळी झेपली नाहीत, खोटं कशाला बोला!

पण यांचं निम्मं काम भिंतीवर. स्टेन्सिल, म्हणजे अक्षरांचा साचा, कापायचं, लंडनच्या भुयारी रेल्वेत जायचं आणि जाहिरातींवर स्प्रे मारायचा. युद्धाविरुद्ध, चंगळवादाविरुद्ध. रेकॉर्डच्या कव्हरवरही तीच स्टेन्सिलची ठोकळेबाज अक्षरं.

पहिल्या रेकॉर्डचा किस्सा तर कहर आहे. एक गाणं धर्मनिंदा करणारं, म्हणून आयर्लंडच्या कारखान्यातल्या कामगारांनी रेकॉर्ड काढायलाच नकार दिला. यांनी गाणं वगळलं, त्या जागी दोन मिनिटं शांतता ठेवली आणि तिचं बारसं केलं: 'द साउंड ऑफ फ्री स्पीच'!

पुढे ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचर आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांच्या आवाजांचे तुकडे जोडून खोटा फोन-संवाद बनवला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला 1983 मध्ये वाटलं, हे केजीबीचंच, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचंच, काम. प्रत्यक्षात इंग्लंडातल्या एसेक्समधल्या एका जुन्या शेतघरात राहणारी पोरं होती ती.