रिपोर्टातलं मॉर्फिन

"ताई, रिपोर्टात मॉर्फिन निघालंय. म्हणजे गोळ्या मीच जास्त दिल्या का ओ?"

आज सात रस्त्याजवळच्या आमच्या मेडिकलमध्ये एका मुलाने विचारलं. वडिलांना कॅन्सर, वेदना थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या चालू. जिन्यावरून पडून गेले, म्हणून पोस्टमॉर्टेम, म्हणून व्हिसेरा, म्हणजे अवयवांच्या आणि रक्ताच्या नमुन्यांची तपासणी. कागदावरच्या आकड्याखाली त्याने पेनाने दोनदा रेघ ओढली होती. कुणीतरी मोबाईलवर 'जीवघेणी पातळी' शोधून दाखवली होती त्याला.

त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. महिनोन्महिने मॉर्फिन घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते. त्याच्या रक्तातली रोजची पातळी, कधीच न घेतलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते. उलट मूत्रपिंडं थकली असतील तर ठरलेल्या डोसातही मॉर्फिनपासून बनणारे घटक साचत जातात. शिवाय मृत्यूनंतर औषधं अवयवांतून रक्तात सरकू शकतात, म्हणून हृदयातल्या रक्तापेक्षा मांडीच्या शिरेतलं रक्त जास्त भरवशाचं. नमुना कुठला घेतला, तेच त्या कागदावर नव्हतं!

नुसत्या आकड्यावरून 'ओव्हरडोस' म्हणता येत नाही रे बाबा.

रोजचे डोस तो एका वहीत लिहायचा, वेळेसकट. ती घेऊन फॉरेन्सिकच्या डॉक्टरांना भेट म्हटलं. आजवर ती वही त्याच्याकडे कुणी मागितलीच नव्हती. का नसेल मागितली?