खुडूकबाईंचा निकाल लागला!

आज खुराड्यातून पहिली 'चिव' ऐकू आली आणि घरातली कामं जागच्या जागी थांबली. आमची गावरान कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला, पेंढ्यावर ठाण मांडून होती. दिवसातून एकदा उठायची, कणी-पाणी उरकायची, राखेत लोळायची, भलामोठा घाणेरडा गोळा टाकायची (वास विचारू नका) आणि परत अंड्यांवर. हात पुढे केला की टोचलाच.

एकविसाव्या दिवशी अंडी फुटतात हे ठाऊक असतं, पण बघणं वेगळंच. बारीक तडा जातो, आतून चोचीवरचं पांढरं टोक दिसतं. मग तासन् तास काहीच नाही! कवच सोलायला माझे हात शिवशिवत होते. आई ओरडली, "हात लावू नको गं!" बरोबरच आहे. आतल्या पडद्यात रक्त खेळत असतं, उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. त्याच बलकावर पिल्लू दोनेक दिवस काढतं, म्हणून कोंबडीही मागची अंडी फुटेपर्यंत निवांत बसते.

शेजारच्या काकूंची गिरिराजा जातीची कोंबडी काही खुडूक बसत नाही. त्यांची चार अंडी आमच्या हिच्याखाली सरकवलेली. आता कुठलं पिल्लू कुणाचं यावर कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी चर्चा चालू आहे. कोंबडीला काही पडलेलं नाही, ती सगळ्यांनाच पंखाखाली घेतेय.

परसात मुंगूस फिरतंय. डालग्यावर दगड ठेवलाय. रात्रीचा पहारा भावाकडे, फक्त त्याला अजून सांगितलेलं नाही 😄