तीन दिवसांची कॉन्फरन्स, अडीच महिन्यांचा हिशोब

कॉन्फरन्समध्ये मांडायचं माझं पोस्टर, म्हणजे कामाची माहिती देणारा मोठा तक्ता, स्वीकारल्याची मेल आली तेव्हा मी खर्चाचा अंदाज कागदाच्या पाठीवर मांडला. नोंदणी, प्रवास, मुक्काम. तीन आकडे आणि खाली बेरीज. ऑफिसने त्या बेरजेवर सहीही केली. या तीन आकड्यांच्या मधल्या फटींतून किती पैसे गळतात हे कळलं ते परत आल्यावर, पावत्या टेबलावर पसरल्या तेव्हा.

पहिला फटका घरबसल्याच बसला. लवकर नोंदणी करणाऱ्यांना सवलत होती आणि तिची शेवटची तारीख मला पाठ होती. पण मंजुरीचा कागद हातात पडल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असा आमच्याकडे नियम, आणि तो कागद प्रत्येक टेबलावर विसावा घेत घेत आला. तोवर सवलत संपून चार दिवस झाले होते. आयोजकांनी सभागृहाशेजारच्या हॉटेलात राखून ठेवलेल्या खोल्यांचंही तेच झालं. अशा खोल्या ठरावीक तारखेपर्यंतच राखलेल्या असतात. नंतर उरलेल्या खोल्या हॉटेल परत घेतं आणि चालू भावाने विकतं. आणि त्या आठवड्यात शहरात गर्दी होणार हे हॉटेलवाल्यांना आपल्या कितीतरी आधी ठाऊक असतं.

म्हणून लांबचं हॉटेल घेतलं. नकाशावर ते बोटभर अंतरावर दिसत होतं. प्रत्यक्षात एकदा मेट्रो बदलून, दोन्ही बाजूंचं चालणं धरून, एका वेळेचा सव्वा तास. सकाळी तरी मेट्रो होती. संध्याकाळची भाषणं लांबायची, मग ओळखीपाळखी, मग जेवण. तोवर शेवटची गाडी गेलेली. त्या वेळी सगळेच टॅक्सी मागवत असतात, त्यामुळे ॲपवरचे दर दीडपट-दुप्पट. खोलीच्या भाड्यात वाचवलेले पैसे मी रोज रात्री टॅक्सीवाल्याला नेऊन देत होतो.

हॉटेलच्या काउंटरवर आणखी दोन गोष्टी कळल्या. बुकिंग करताना दिसलेल्या भावात कर धरलेला नव्हता. आणि अनामत म्हणून त्यांनी कार्डावर काही रक्कम अडवून ठेवली. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम फक्त मर्यादेतून कमी होते. मी डेबिट कार्ड दिलं होतं, म्हणजे माझेच खात्यातले पैसे अडकले. दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या तिकीट मशीनने कार्ड नाकारलं. मागे रांग, खिशात सुट्टे नाहीत, गळ्यात कॉन्फरन्सचा बिल्ला. हॉटेल सोडल्यावर ती रक्कम मोकळी व्हायला आठवडा लागला.

आता पोस्टर गुंडाळून न्यायच्या नळीविषयी. पोस्टर ए-झीरो आकाराचं हवं होतं, म्हणजे ८४१ बाय १,१८९ मिलिमीटर. कसंही गुंडाळलं तरी नळी ८४ सेंटिमीटरपेक्षा लांबच होणार, आणि विमानात हातात नेण्याच्या सामानाची लांबी साधारण ५५ सेंटिमीटरपर्यंत धरतात. बरेचदा कुणी अडवत नाही, असं मला दोघांनी सांगितलं होतं. मला विमानाच्या दारापाशी अडवलं. नळी खाली सामानात टाकायचे वेगळे पैसे पडले, आणि त्या काउंटरवर घासाघीस चालत नाही. उतरलो सकाळी सहाला, खोली मिळणार दुपारी दोनला. बॅग रिसेप्शनवर ठेवली, नळी खांद्याला लावली आणि सभागृहाच्या स्वच्छतागृहात शर्ट बदलला. पोस्टरपाशी दोन तास उभा होतो. सहा जण थांबले. त्यांतल्या दोघांना चहा कुठे मिळतो ते हवं होतं. (उरलेल्या चौघांतल्या एकीशी मात्र अजून पत्रव्यवहार चालू आहे, प्रवास अगदीच वाया गेला असं नाही.)

शेवटच्या दिवशी हेच उलटं. खोली अकराला सोडायची, सत्र पाचपर्यंत, विमान रात्रीचं. सामान ठेवायच्या खोलीपुढे इतकी रांग की समारोपाचं भाषण मी बाहेरच्या पडद्यावर, तेही आवाजाविना, पाहिलं.

खरी कॉन्फरन्स मात्र परतल्यावर अकाउंट्समध्ये भरली. टॅक्सीच्या दोन पावत्या त्या गुळगुळीत कागदावरच्या, ज्यावरची अक्षरं उडून जातात. पाकिटात आठवडाभर राहून त्या कोऱ्या झाल्या होत्या. बोर्डिंग पास फोनवर होता आणि प्रवास झाल्यावर ॲपमधून नाहीसा झाला. त्यासाठी विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला मागवावा लागला. दुपारचं जेवण नोंदणीतच होतं, म्हणून तेवढा दैनिक भत्ता कापला. त्यातल्या एका दुपारी मी नेमका पोस्टरपाशी उभा होतो आणि जेवण चुकलं होतं, हे सांगून पाहिलं. जेवण उपलब्ध होतं की नाही एवढंच आम्ही पाहतो, असं उत्तर आलं. नियम म्हणून बरोबरच आहे ते. उरलेल्या टॅक्सीच्या बिलांवर शेरा होता, ‘मेट्रो का वापरली नाही?’ मी लिहिलं, बंद झाली होती. त्यावर वेळापत्रक जोडा, असा दुसरा शेरा आला.

अकराव्या आठवड्यात पैसे जमा झाले. कोऱ्या पावत्यांचे नाहीत आणि नळीचेही नाहीत. ते ‘अतिरिक्त सामान’ या सदरात गेले, आणि ते सदर आमच्याकडे मंजूर होत नाही.

पुढच्या महिन्यात एक सहकारी अशाच मोठ्या शहरात चालली आहे. तिने नळी मागितली. मी म्हटलं, पोस्टर कापडावर छापून घे, घडी करून बॅगेत टाक. आणि पावती हातात पडली की तिथेच उभी राहून फोटो काढ. नळी कपाटामागेच आहे.