आमची वाटचाल : चौदा मावळे आणि एक ड्रेपरी

आमची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देण्याचं दुकान, दोन पत्र्याच्या ट्रंकांवर सुरू झाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका फिरत्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायचे. कंपनी मोडली तेव्हा त्यांचा सात महिन्यांचा पगार थकला होता. मालकांकडे पैसे नव्हते. त्यांनी दोन ट्रंका पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "हाच पगार समज." आत पाच जामे, दोन बाराबंद्या, सुतळी विणून चंदेरी रंग दिलेलं एक चिलखत, तीन पगड्या, जरीचा एक शेला आणि कवड्यांच्या माळा. अण्णांनी ट्रंका एसटीच्या टपावर चढवल्या आणि सांगलीला आले.

दुसऱ्या कुठल्या गावात हा धंदा उभा राहिला असता की नाही, मला शंका आहे. मराठी रंगभूमीची सुरुवात मानलं जाणारं 'सीतास्वयंवर' १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी केलं ते इथं, राजवाड्यात. 'संगीत शारदा' लिहिणारे देवल इथल्याच हरिपूरचे. म्हणून नाटकाचा कपडा भाड्यानं मागायला या गावात कुणी लाजत नाही. डॉक्टर येतो, हळदीचा अडत्या येतो, बँकेतला कॅशियर येतो आणि तिघंही जामा अंगाला लावून आरशात स्वतःला निरखतात.

अण्णांना कपडा सांभाळता येत होता, बेतता येत नव्हता. ते काम मिरजेच्या चाचांनी केलं. चाचा आमचे अर्धे भागीदार, पण कागदावर त्यांनी कधी सही केली नाही. "जबान दिली ना," म्हणायचे. त्यांची बारा इंची कात्री अजून माझ्या टेबलावर आहे. मुठीला सुती पट्टी गुंडाळलेली. ती कात्री कागदाला लावलेली त्यांना खपायची नाही, कागदाला वेगळी. जाम्याच्या कळ्या, म्हणजे घेराचे वर अरुंद आणि खाली रुंद तुकडे, त्यांनी मला बेतायला शिकवल्या. घेर मोठा दिसावा म्हणून नुसत्या चुण्या घालणारे पुष्कळ आहेत. पण चुण्यांचा जामा कमरेत फुगतो आणि माणूस जाड दिसतो. कळ्यांचा जामा कमरेत बसतो आणि खाली पसरतो. राजा चालायला लागला की घेर एक पाऊल उशिरा वळतो, त्यात खरी ऐट आहे. बंद कुठल्या बगलेत बांधायचे हेही चाचांनीच शिकवलं. जुन्या दरबारी चित्रांत हिंदू सरदाराचा जामा डावीकडे बांधलेला असतो, मुसलमान सरदाराचा उजवीकडे. आमच्याकडचा अफझलखान कायम उजवीकडेच बांधून गेला. प्रेक्षकांतल्या एकाला जरी ते कळलं तरी आमचे कष्ट फिटले.

पुढची तीसेक वर्षं गॅदरिंग, शिवजयंती, राज्य नाट्य आणि कामगार कल्याणच्या स्पर्धा यांत गेली. चांगली गेली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

लिहायचं आहे ते सरांबद्दल. जत तालुक्यातल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. दरवर्षी तीन-चार वेळा एसटीनं यायचे, काखेत कापडी पिशवी आणि पिशवीत स्केचची वही. इतर गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "शिवाजीचा ड्रेस आहे का?" सर विचारायचे, "पेशवाईतला कारकून द्यायचा आहे, उपरणं कसं घ्यायचं?" ड्रेस हातात घेतला की आधी उलटा करून अस्तर बघायचे. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो वहीत काढायचे. पुढून, मागून, बंद कुठं, शिवण कुठं, कळ्या किती. मुलांना वर्गात दाखवायला लागतं म्हणायचे. अण्णा त्यांना चहा पाजायचे आणि आत येऊन मला म्हणायचे, "हा माणूस कपडा वाचतो." सरांकडून ड्रेस परत यायचा तो घडी घालून, बंद गाठी न मारता. मिशांचा डिंकसुद्धा पुसलेला असायचा. (मिशी, दाढी ओढून काढू नका हो. खोबरेल लावा, पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटते. जाळीची दाढी ओढली की कड फाटते आणि तुमची कातडीही सोलते.)

२०१९ च्या ३१ जुलैला सर आले. दुसऱ्या दिवशी अण्णाभाऊ साठे जयंती होती, जन्मशताब्दीचं वर्ष सुरू होत होतं. शाळेत मुलं पोवाडा म्हणणार होती आणि सरांना मावळे हवे होते. मुंडाशासह पूर्ण चौदा सेट. म्हणाले, "पंधरा ऑगस्टच्या फेरीलाही हेच घालतील. दोनदा एसटीचं भाडं कशाला? राहू देत माझ्याकडे." मी नोंद केली आणि सेट दिले.

चार दिवसांनी कृष्णा चढायला लागली.

आमचं दुकान मारुती रोडच्या बोळात होतं. २००५ च्या पुरात तिथं छातीइतकं पाणी आलं होतं. त्या पाण्याची रेघ आम्ही भिंतीवर तशीच ठेवली होती, रंग देतानाही ती वगळायचो. त्यामुळं २०१९ ला आम्ही तेच केलं जे गावातल्या निम्म्या दुकानदारांनी केलं. रेघेच्या दोन फूट वर, पोटमाळ्यावर, सगळा माल चढवला. मी, बायको, मुलगा आणि दुकानातली दोन पोरं, रात्री दोनपर्यंत. सहाशेच्या वर ड्रेस, पगड्यांची खोकी, जिरेटोप, ढाली. कपडा बेतायचे चाचांचे खाकी कागदाचे फर्मे सुतळीनं बांधून सगळ्यांच्या वर ठेवले. शटर ओढताना मी बायकोला म्हणालो, "आता आलं तरी भीती नाही."

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

दुकान उघडता आलं तेव्हा दार आत ढकलावं लागलं, कारण पोटमाळाच खाली आला होता. ओला कपडा किती जड होतो ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. लाकूड त्या वजनानं मोडलं होतं. सगळं गाळात. कृष्णेचा गाळ मऊ असतो, मेणासारखा, मखमलीच्या लवेत शिरतो आणि निघत नाही. लाल मखमलीचा रंग पांढऱ्या सुरवारींत उतरला होता. जर काळी पडली होती. जिरेटोपांच्या आतलं बकरम, म्हणजे आकार धरणारं खळीचं ताठ कापड, विरघळून त्यांचा लगदा झाला होता. फर्मे गेले. चाचांच्या हातचे, पेन्सिलीनं उर्दूत मापं लिहिलेले पन्नासेक फर्मे. ते उचलायला गेलो तर बोटांत नुसता चिखल आला.

टिकलं काय? कवड्या. पितळी बटणं. पगडी बांधायचा लाकडी साचा. गंजलेली कात्री. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी कवड्या धुऊन परातीत घालून त्यांच्यापुढे नेल्या. त्यांनी एकेक मोजली. काही बोलले नाहीत.

आता एक गोष्ट लिहितो, कारण ती माझ्या मनातून गेलेली नाही. दुकानाचा विमा होता. हप्ता एकदाही चुकवला नव्हता. पाहणीला आलेले गृहस्थ दारातच उभे राहिले, रुमाल नाकाला. मी एकेक वस्तू दाखवत होतो. हा शालू फाडून शिवलेला अंगरखा, हे ब्रोकेड, ही चक्री पगडी पुण्याच्या पगडबंदाकडून बांधून आणलेली. त्यांनी फॉर्मवर एकच ओळ लिहिली : 'जुने वापरलेले कपडे'. मी म्हणालो, "साहेब, हे कपडे नव्हेत, हा आमचा माल आहे. वापरला जाण्यासाठीच आहे." ते म्हणाले, "वापरलेल्या कपड्याला किंमत शून्य धरतात." जी रक्कम मंजूर झाली त्यात अस्तराचा मांजरपाटही पुरता आला नसता.

नवा जामा ताठ असतो, पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. दहा-बारा प्रयोग झाले, घाम जिरला, चार वेळा वाफ दिली की तो अंगाला ओळखायला लागतो. आमच्याकडे नट येऊन मुद्दाम जुना जामा मागतात. "तो सातवा द्या, खांद्याला बसलेला." आणि त्याची किंमत शून्य! धंद्यातल्या सगळ्यांना हात जोडून सांगतो : प्रत्येक ड्रेसचा फोटो काढा, कापडाची पावती जपा, शिलाईची मजुरी वेगळी लिहा, आज नवा शिवायला किती लागतील तो आकडा यादीत घाला आणि ती यादी पॉलिसीसोबत जोडून त्यावर पोचशिक्का घ्या. आम्ही केलं नव्हतं.

धंदा बंद करायचं ठरलं होतं. मुलाला एका मोबाइलच्या दुकानात चिकटवलं. तेवढ्यात सर आले. जतकडे तेव्हा पाण्याचे टँकर चालू होते; त्यांच्या गावात पाऊस नाही आणि आमच्या गावात छपरावर होड्या. पूर ओसरल्यावर पहिल्या सुरू झालेल्या एसटीनं ते निघाले होते. दोन पोत्यांत चौदा मावळे. धुतलेले, इस्त्री केलेले, मुंडाशांच्या घड्या वेगळ्या. आणि कापडी पिशवीत वह्या. एक नव्हे, अकरा. अठरा-एकोणीस वर्षांत आमच्या दुकानात स्टुलावर बसून त्यांनी जे काढलं होतं ते सगळं. कळ्या मोजलेल्या, बंदांच्या जागा बाणांनी दाखवलेल्या, काही ठिकाणी बोटांच्या मापानं लांबीसुद्धा.

मी त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. लिहायला संकोच वाटत नाही.

दोन मावळे आम्ही उसवले. टाका न् टाका काढून तुकडे सपाट केले, त्यावरून बाराबंदीचा आणि सुरवारीचा फर्मा उतरवला. जाम्याचा फर्मा सरांच्या वहीवरून काढला. चाचा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांची लेक मिरजेहून येऊन बसली, कारण वडिलांचा हात तिला पाठ होता. वहीतलं चित्र बघून म्हणाली, "अब्बा इथं अर्धा इंच जास्त सोडायचे." तो अर्धा इंच सोडला आणि जामा बसला. कात्रीला धार लावून आणली. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. डिसेंबरच्या गॅदरिंगला आमच्याकडे साठ ड्रेस तयार होते. साठच, पण नवे कोरे, आणि १९ फेब्रुवारीला त्यातला एकही घरात नव्हता.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ते दिवस सगळ्यांनीच काढले. सुरवारीच्या कापडाचे मास्क शिवले, विकले. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनालाच, नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा अण्णांनी परातीतल्या कवड्यांची माळ ओवायला घेतली. बोटं थरथरत होती, पण ओवली. तेच त्यांचं शेवटचं काम. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तोवर आम्ही विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर गेलो होतो. एक धागा भिजला नाही.

आता लोक फोन करतात आणि म्हणतात, ऑनलाइन याच भाड्यात अख्खा ड्रेस विकत मिळतो. मिळतो. नायलॉनचा, पाठीला वेल्क्रो, छातीवर छापलेली माळ. पोराला तासाभरात घामोळं येतं आणि दुसऱ्या वर्षी तो पोतेऱ्याला जातो. तुमच्या मुलाला महाराज करायचं असेल तर त्याला सुती अस्तराचा जामा द्या, मग तो आमच्याकडून घ्या नाहीतर दुसऱ्या कुणाकडून. जिरेटोप डोक्याच्या मापानं घ्या. भुवयांवर घसरला की पोराचं सगळं लक्ष तिथंच जातं आणि भाषण विसरतं. पायात चढाव नसतील तर अनवाणी उभं करा, पण पांढरे बूट नकोत. आणि मखमलीला सुलट्या बाजूनं इस्त्री लावू नका. उलटी करा, वाफ द्या, लव आपणहून उभी राहते.

सर निवृत्त झाले. वह्या त्यांनी परत नेल्या नाहीत. आम्ही प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून एक संच गावात आणि एक चाचांच्या लेकीकडे मिरजेत ठेवला. उसवलेले दोन मावळे पुन्हा शिवले आणि चौदाचा संच पूर्ण केला. तो आम्ही बाकीच्या मालात मिसळत नाही. वेगळ्या ट्रंकेत असतो, अण्णांच्या पहिल्या दोन ट्रंकांपैकी एकीत. दरवर्षी ३१ जुलैला सरांच्या शाळेतला नवा शिपाई येतो आणि ती ट्रंक घेऊन जातो. भाड्याच्या रकान्यात आम्ही काही लिहीत नाही. विम्याच्या यादीत मात्र तो संच पहिल्या पानावर आहे : बाराबंदी चौदा, सुरवार चौदा, मुंडासं चौदा, शेला चौदा, सुती अस्तर, हाताची शिलाई, आणि पुढे आजची किंमत.