डेड्झाचा हापसा आणि शाळेची भिंत

मी बार्शीची. आमच्याकडे कुणी उन्हाळ्यात घर बांधायला काढले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "पाण्याचं काय केलंय?" वीस वर्षे सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम करताना हा प्रश्न मीही असंख्य घरमालकांना विचारला आहे. आफ्रिकेत मलावी देशातल्या एका खेड्यात शाळेच्या दोन खोल्या बांधायला एका संस्थेतर्फे स्वयंसेवक म्हणून गेले, तेव्हा मात्र तो विचारायचे राहून गेले. परत येऊन आठ महिने झाले तरी ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लिलाँग्वे, आणि पुढे मोटारीने दक्षिणेला डेड्झा जिल्हा, असा प्रवास झाला. रस्त्याच्या कडेला बटाट्यांचे ढीग लावून बसलेल्या बायका आणि डेड्झाच्या पुढे उजव्या हाताला दिसणारी मोझांबिकची शेते एवढेच त्यातले आठवते. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीने मी स्वेटर नेला नव्हता. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असलेल्या त्या प्रदेशात जुलैच्या पहाटे अंगात थंडी भरते. पहिल्याच रात्री यजमानीणबाईंनी न मागता माझ्यावर दुसरी गोधडी घातली.

मलावीत १९९४ साली बहुपक्षीय निवडणूक झाली आणि नव्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केले. एका वर्षात पटावरची मुले सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या आसपास गेली. खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग आंब्याच्या झाडाखाली भरत असे. मी मोजली त्या दिवशी एका शिक्षिकेसमोर १३४ मुले मातीत बसली होती आणि फळा झाडाच्या बुंध्याला टेकवलेला होता. त्यामुळे खोल्या हव्या होत्या याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

आम्ही सकाळी बांधकामावर असायचो आणि दुपारी आरोग्य कर्मचाऱ्याबरोबर. हा कर्मचारी आपल्या आशाताईंसारखा गावोगाव फिरतो, पण तो सरकारी पगारावर असतो. मुलांना लस देणे, झाडाच्या फांदीला तराजू टांगून तान्ह्यांचे वजन करणे, दंडाला रंगीत पट्टी लावून कुपोषण पाहणे ही त्याची कामे. आमच्याकडे फक्त आकडे वाचून दाखवायचे काम होते, आणि ते योग्यच होते. २०२२-२३ मध्ये त्या देशात कॉलऱ्याने सतराशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून हात धुण्याबद्दल तो फार कडक झाला होता. शाळेच्या संडासाजवळ त्याने मुलांकडूनच एक साधन करून घेतले होते. दोन मेढींवर आडवी काठी, तिला टांगलेला तेलाचा पिवळा कॅन, कॅनच्या तोंडाला बांधलेली दोरी आणि दोरीच्या खालच्या टोकाला पायाने दाबायची एक काटकी. काटकी दाबली की कॅन कलतो आणि हातावर धार पडते. शेजारी भोक पाडलेला साबण लोंबत असतो. कशालाही हात लावावा लागत नाही.

बांधकामाचा माल गावकऱ्यांनी आधीच जमवला होता. विटा त्यांनी स्वतः पाडून भाजल्या होत्या, वाळू डोक्यावरून आणली होती. गावाचा वाटा म्हणून विटा, वाळू आणि पाणी, असे संस्थेच्या कागदावर लिहिलेले होते. मी आल्याआल्या गवंड्यांना विटा भिजवूनच लावायला सांगितले, आणि रचलेल्या थरांवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलेच पाहिजे असा आग्रह धरला. सिमेंटच्या कामाला हे लागतेच, त्यात माझे काही चुकले नव्हते. गवंडी एकमेकांकडे पाहून गप्प राहिले. त्या गप्पपणाचा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता.

पाचव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, सहा-सात वर्षांची एक मुलगी संडासातून बाहेर आली. तिने काटकीवर पाय दिला. कॅन कलला, पण थेंबही पडला नाही. तिने पुन्हा दाबले, वाकून कॅनच्या तोंडात पाहिले, मग दोन्ही हात फ्रॉकला पुसले आणि धावत वर्गाकडे गेली. तिथून वीस पावलांवर आमची भिंत ओलीगच्च उभी होती आणि जोत्यावरून पाणी निथळत होते. मी जाऊन चारही कॅन हलवून पाहिले. चारही रिकामे होते. साबण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, म्हणजे ते एका दिवसाचे नव्हते.

पाणी येत होते अर्धा किलोमीटरवरच्या एकुलत्या एका हापशावरून, आणि आणत होत्या गावातल्या बायका व शाळेतल्या मोठ्या मुली. रोजच्या चाळीस बादल्या भिंतीला जात होत्या. कॅन भरायची पाळी ज्या मुलींची, त्याच बांधकामाचे पाणी वाहत होत्या. दुपारी मी आरोग्य कर्मचाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मला माहीत आहे. पण शाळाही हवी आहे." त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी हापसा जड लागू लागला. पाणी समितीतल्या चार बायका आल्या. कमरेला गुंडाळलेली चितेंजे नावाची कापडे, एकीच्या पाठीला झोळीत मूल. तिथला हापसा आफ्रिदेव जातीचा असतो, गावातल्या माणसांना स्वतः दुरुस्त करता यावा म्हणूनच तो तसा घडवलेला आहे. एका पान्याने त्यांनी वरचे झाकण उघडले, आतल्या सळ्या हातांनी एकेक करून वर ओढल्या, झिजलेले रबराचे वायसर काढून नवे बसवले. तासाभरात पाणी सुरू झाले. आपल्याकडचा इंडिया मार्क २ हापसा ज्या जुन्या हापशांवरून पुढे घडला, त्यांत जालना आणि सोलापूरचे हापसे होते. मी त्याच मुलखातली, पण दुरुस्तीच्या गाडीची वाट पाहत दोन-दोन आठवडे बंद पडलेले हापसेच लहानपणी पाहिले. त्या बायकांचे हात पाहताना मला भरून आले.

समितीच्या प्रमुख बाईंशी मी शिक्षिकेला मध्ये घेऊन बोलले. त्या मला 'अमायी', म्हणजे आई किंवा बाई, म्हणत आणि मीही त्यांना तेच म्हणे. त्यांनी एकच विचारले, "अमायी, भिंतीला प्यायचे पाणी लागते का?" नाही लागत. खारट किंवा घाण नसले म्हणजे झाले. खाली डांबोत, म्हणजे पाणथळ गवताळ सखल भागात, भाजीपाल्यासाठी खणलेले झरे होते. ते पाणी पिपात रात्रभर निवळू दिले तर सिमेंट-वाळू कालवायलाही चालण्यासारखे होते. हे पहिल्याच दिवशी कुणी विचारले असते तर मी लगेच सांगितले असते, आणि विचारायचे काम माझेच होते. त्या संध्याकाळपासून भिंतीवर भिजवलेली गोणपाटे आणि गवत टाकले, त्यामुळे पाणी निम्म्याने कमी लागले. पिपे आणायला बैलगाडी ठरवली. संस्थेच्या अंदाजपत्रकात पाण्याच्या वाहतुकीला एक क्वाचाही धरलेला नव्हता आणि समन्वयकाने मंजुरीला वेळ लागेल असे कळवले. शनिवार-रविवारच्या तलाव सहलीसाठी भरलेले पैसे मी परत मागून घेतले व गाडीवानाला दिले. त्यामुळे मलावी सरोवर मी पाहिलेले नाही. चोंगोनीची शैलचित्रे एका दुपारी घाईत पाहिली.

अशा कामाला जाण्याबद्दल अनेकजण मला विचारतात, आणि मी त्यांना संस्थेचे अंदाजपत्रक मागा, त्यात पाण्याची ओळ आहे का बघा, असे सांगते. ते सांगताना दर वेळी तो फ्रॉक डोळ्यांपुढे येतो. त्या पाच दिवसांत कुणी आजारी पडले की नाही हे मी कर्मचाऱ्याला विचारले नाही, माझे धाडस झाले नाही.

मी निघाले तेव्हा भिंती खिडकीच्या तळाच्या वर आल्या होत्या. नोव्हेंबरात पाऊस सुरू होताच शिक्षिकेचा निरोप आला. भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या तुळईपर्यंत, झाल्या आहेत, कॅन रोज भरले जातात, पत्रे अजून आलेले नाहीत, आणि पाऊस आला की पहिलीच्या मुलांना घरी सोडावे लागते.