निन्टेन्डो टिकेल का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते. त्यामुळे सोसायटीत आणि नातेवाइकांत गेमबद्दल कुणालाही काही विचारायचं झालं की गाडी माझ्याकडे वळते. त्यातला एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतल्या आत्तेभावाने मुलांसाठी मशीन घेण्याआधी विचारला, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नातवासाठी विचारला, आणि ऑफिसात नव्याने लागलेली मुलं तर त्यावर जेवणाच्या सुट्टीत कडाक्याने भांडतात. सोनीचं प्लेस्टेशन मशीन एवढं ताकदवान, फोनवर गेम फुकट. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचे गेम आणि त्यांची मशीन करणारी जपानी कंपनी निन्टेन्डो स्पर्धेत टिकणार कशी?

टिकेल, असं मी सांगते, आणि मनापासून सांगते. पण 'तिच्या गेममधला टोपीवाला मारिओ गोड आहे म्हणून' हे त्याचं कारण नाही. शिवाय मला एक काळजीही वाटते, आणि ती सोनीची नाही.

ताकदीचा मुद्दा आधी बाजूला काढते, कारण तो फार जुना आहे. १९८९ मध्ये निन्टेन्डोने गेम बॉय हे हातात धरून खेळायचं मशीन आणलं तेव्हा त्याचा पडदा हिरवट होता, रंग नव्हते, मागून उजेडही नव्हता. लगेच सेगा या स्पर्धक कंपनीने गेम गिअर आणला: रंगीत, उजळ, दिसायला देखणा. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांचं धोरणच होतं की तंत्रज्ञान जुनं, स्वस्त, खाचाखोचा माहीत असलेलं घ्यायचं आणि त्याचा उपयोग मात्र कुणाला सुचला नसेल असा करायचा. गेम बॉय आणि नंतरचा गेम बॉय कलर मिळून जवळपास १२ कोटी विकले गेले. म्हणजे 'मशीन कमजोर आहे' ही तक्रार या कंपनीला तीस-पस्तीस वर्षं ऐकू येते आहे, आणि तिची सर्वात मोठी यशं त्याच काळातली आहेत.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. घरगुती प्रतिमेमुळे मोठी मुलं हातची जातात का? जातात, आणि याची सगळ्यात ठळक हकीकत १९९३ची आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट' हा आर्केडमधला मारामारीचा गेम सेगा आणि निन्टेन्डो दोघांच्याही मशिनवर आला. निन्टेन्डोने रक्त चालवून घेतलं नाही. तिच्या आवृत्तीत फटका बसला की करड्या रंगाचा घाम उडायचा. सेगाच्या मशिनवर बटणांचा एक गुप्त कोड दाबला की रक्त सुरू. सेगाची आवृत्ती जास्त खपली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली, १९९४ मध्ये वयानुसार शिक्के मारणारी व्यवस्था उभी राहिली, आणि 'मॉर्टल कॉम्बॅट'चा दुसरा भाग निन्टेन्डोवर रक्तासकट आला.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, बघा, सभ्यपणा हरला. पण पुढे काय झालं तेही बघायला हवं. निन्टेन्डोला 'लहान मुलांची' ठरवणारी सेगा २००१ मध्ये कन्सोलच्या, म्हणजे गेम मशिनच्या, धंद्यातून बाहेर पडली, आणि सोनिक हे तिचं लाडकं पात्र त्याच वर्षी निन्टेन्डोच्या मशिनवर येऊन धावू लागला. निन्टेन्डोला नव्वदच्या दशकात खरा मार बसला तो सोनीकडून, आणि त्याचं कारण वेगळंच होतं. सोनीने सीडी घेतली. निन्टेन्डोचं तेव्हाचं मशीन निन्टेन्डो ६४ मात्र कार्ट्रिजवर, म्हणजे चिप असलेल्या प्लास्टिकच्या डबीवर, अडून राहिलं. कार्ट्रिज बनवायला महाग, त्यात जागा कमी. बाहेरच्या कंपन्या सोनीकडे निघून गेल्या. प्लेस्टेशन १० कोटींच्या वर गेलं आणि निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास राहिलं. तो धंद्यातला चुकलेला निर्णय होता. त्याचं खापर मारिओच्या टोपीवर फोडण्यात अर्थ नाही.

आता मला जे खरंच सांगायचं आहे ते. 'घरगुती' गेम म्हणजे मऊ, सोपा, लहान मुलांचा गेम, असं बहुतेक लोक धरून चालतात. या धंद्यात काम केल्यावर मला ते पटेनासं झालं. कुणालाही न शिकवता खेळता येईल असा गेम करणं हे आमच्या कामातलं सर्वात अवघड काम आहे.

'सुपर मारिओ ब्रदर्स'ची पहिली लेव्हल आठवा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ती घरोघरी पोचली ती निन्टेन्डोच्या मशिनची नक्कल करणाऱ्या स्वस्त 'व्हिडीओ गेम'मधून. आम्ही कार्ट्रिजला कॅसेट म्हणायचो आणि ती चालली नाही की फुंकर मारायचो. माहितीपत्रक नाही, सांगणारं कुणी नाही, पडद्यावर इंग्रजी. तरी सगळ्यांना खेळता आलं. कसं? मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे सगळं मोकळं असतं, म्हणून आपण उजवीकडे जातो. थोडं पुढे गेलं की चमकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा दिसतो आणि समोरून एक रागीट भुवयांचा प्राणी चालत येतो. त्याला धडकलात तर मरता, पण नुकसान काही सेकंदांचंच असतं, पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदा आपण उडी मारतो. मग एका ठोकळ्यातून मशरूम निघतं. ते घरंगळत उजवीकडे जातं, पाइपला आपटतं आणि उलट फिरून थेट आपल्याकडे येतं. नुकतंच एकाने मारलेलं असतं, म्हणून त्याच्यावरून उडी मारून सुटायला बघावं, तर डोक्यावर ठोकळ्यांची रांग. बहुतेक वेळा ते अंगावर येतंच, आणि मारिओ मोठा होतो. एकही शब्द न लिहिता कळलं की हे चांगलं आहे.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हे १९८५ मध्ये क्योटोत बसून जुळवलं. साताऱ्यातल्या किंवा नांदेडमधल्या ज्या मुलाला जपानी येत नव्हतं आणि इंग्रजीही धड येत नव्हतं, त्याच्यापर्यंत ते जसंच्या तसं पोचलं. आमच्याकडे लेव्हल डिझाइन करणारी मुलं आजही ती एक लेव्हल चौकट-चौकट थांबवून बघतात.

याच्या बाजूला माझं रोजचं काम ठेवून बघा. फुकट मोबाइल गेमचा जीव रिटेन्शनवर असतो: आज आलेल्यांपैकी उद्या किती परत येतात, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. त्यासाठी शक्ती संपते, चार तासांनी भरते, लवकर हवी तर जाहिरात बघा किंवा पैसे भरा. त्यात काम करणारी माणसं हुशार आणि कष्टाळू आहेत. मी त्यांच्यातलीच एक आहे. पण असा गेम एका माणसासाठी बनतो. एक पडदा, एक अंगठा, एक खातं. शेजारी बसलेल्याला त्यात जागाच नसते. घरातल्या चौघांच्या हातात चार फोन असले की चौघं चार कोपऱ्यांत जातात, आणि म्हणूनच काकू मला विचारायला येतात.

निन्टेन्डोचं म्हणाल तर १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी मशीनला दोन कंट्रोलर वायरने जोडूनच यायचे. दुसरा खेळाडू धरलेलाच. २०१७ च्या स्विच या मशीनच्या दोन बाजूंचे जॉय-कॉन नावाचे तुकडे काढून आडवे धरले की दोघांचे दोन कंट्रोलर होतात, वेगळा काही विकत घ्यावा लागत नाही. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये स्मार्ट स्टिअरिंग नावाची सोय आहे. ती चालू केली की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते आणि गाडी रस्त्याबाहेर पडत नाही. वेगाचं बटणही सतत दाबून ठेवावं लागत नाही, तशी दुसरी सोय आहे. त्यामुळे पाच वर्षांची मुलगी, तिचा कॉलेजातला मामा आणि कधीच गेम न खेळलेली आजी एकाच शर्यतीत उतरू शकतात. सरावलेल्या माणसाला मात्र ही सोय परवडत नाही, कारण काही आडवाटा त्यात बंद होतात. म्हणजे मामाला जिंकायला खरंच मेहनत करावी लागते. इतका बारीक विचार करणारी माणसं ज्या कंपनीत आहेत तिला मी इतक्यात मोडीत काढणार नाही.

आता दुसरी बाजू. घरगुती गिऱ्हाईक निष्ठावान नसतं, ही निन्टेन्डोची खरी दुखरी नस. २००६ मध्ये तिचं वी हे मशीन आलं. हातातला रिमोट टेनिसच्या रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावरचा माणूस रॅकेट फिरवतो. अमेरिकेत वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा लागल्या. १० कोटींहून जास्त वी विकले गेले. मग २०१२ मध्ये वी यू आला आणि जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबला. नाव असं की हे जुन्या वीला जोडायचं काहीतरी आहे असंच लोकांना वाटलं. पण मधल्या सहा वर्षांत आणखी एक गोष्ट झाली होती. वीवर बोलिंग खेळणाऱ्या मावश्या-काकांच्या हातात स्मार्टफोन आणि टॅब्लेट आले होते. त्यांना खेळायला काहीतरी हवं होतं. कन्सोलची ओढ त्यांना कधी नव्हतीच. ते निघून गेले आणि जाताना सांगूनही गेले नाहीत.

मार्च २०१२ मध्ये संपलेल्या वर्षापासून सलग तीन आर्थिक वर्षं कंपनीचा धंदा तोट्यात गेला. तेव्हा अध्यक्ष होते सातोरू इवाता. ते मूळचे प्रोग्रॅमर. २०११ मध्ये थ्रीडीएस या हातात धरायच्या मशिनची किंमत काही महिन्यांतच २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणावी लागली, तेव्हा त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. २०१४ मध्ये पुन्हा तेच केलं. लोकांना काढून ताळेबंद सुधारायला ते तयार नव्हते, कारण नोकरी जाईल या धास्तीत बसलेल्या माणसांकडून चांगला गेम होणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये ते गेले. स्विच त्यांच्या पश्चात बाजारात आला आणि १५ कोटींच्या पुढे गेला. गेल्या काही वर्षांत गेमच्या धंद्यात जगभर झालेली कपात मी जवळून पाहिली आहे, मित्रमैत्रिणींच्या नोकऱ्या गेलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून इवातांबद्दल लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही.

स्पर्धेचं मैदानही आता तसं राहिलेलं नाही. एक्सबॉक्स बनवणारी मायक्रोसॉफ्ट आपले गेम सोनीच्या मशिनवर विकू लागली आहे; २०२५ मध्ये 'फोर्झा होरायझन ५' प्लेस्टेशनवर आला. निन्टेन्डोचा मारिओ मात्र, फोनवरचे मोजके गेम सोडले तर, अजून निन्टेन्डोवरच खेळावा लागतो.

मग काळजी कसली? किमतीची. जून २०२५ मध्ये स्विच २ अमेरिकेत ४५० डॉलरला आला आणि 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला. ऑगस्टमध्ये आठ वर्षं जुन्या स्विचची किंमतही ३०० वरून ३४० डॉलर केली गेली. जुन्या वस्तूची किंमत उतरते आणि मग हात आखडून खर्च करणारी कुटुंबं ती घेतात, असा या धंद्याचा शिरस्ता होता. कंपनीला हे कळत नाही असं नाही. जपानमध्ये तिने फक्त जपानी भाषेत चालणारा स्विच २ जवळपास ५० हजार येनला दिला, आणि सगळ्या भाषांचा ७० हजारांना. म्हणजे आपल्या घरच्या कुटुंबांना परवडावा म्हणून तिने वाट काढली. बाहेरच्या कुटुंबांसाठी तशी वाट मला अजून दिसत नाही. सोनीचा चाहता पैसे साठवून मशीन घेतोच. ज्या आईला मुलांसाठी 'एखादं काहीतरी' हवं आहे ती किंमत बघते आणि जुना टॅब्लेट मुलाच्या हातात देते.

आपल्याकडे तर हे आणखी अवघड आहे. स्विच भारतात अधिकृतपणे विकला गेलेला नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. म्हणून काकूंना मी सरळ सांगितलं की नातू कॅलिफोर्नियाहून येतो तेव्हा त्याचाच स्विच घेऊन येऊ दे, इथे नवा घेऊ नका. आत्तेभावाला मात्र स्विच २ घे म्हणाले. एकच गेम घे, दोघांनी एकत्र खेळायचा घे, आणि पहिल्या दिवशी मुलांच्या आधी फोनवर पालकांचं नियंत्रण ठेवणारं अॅप बसव. सोळा वर्षांखालच्या मुलांना स्विच २ वर गप्पा मारायला आईवडिलांची परवानगी लागते, ती तिथूनच द्यायची असते. प्लेस्टेशन त्याला स्वतःला हवं आहे, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. ते पुढच्या वर्षी घे म्हटलं.